पायाकडची वाट

आमच्या शिरूरच्या घरात पुढच्या खोलीत दुकान होतं आणि मागे आम्ही राहत होतो. अब्बा कापूस पिंजायचे, गाद्या-उशा भरायचे. त्यांची धुनकी छताला टांगलेली असायची. लाकडी मुठीने तिच्या तातीवर ठोका दिला की टण्ण असा आवाज निघायचा आणि त्याच्या मागोमाग एक लांब गुणगुण घरभर फिरायची. शाळेत जाताना आणि शाळेतून येताना ती असायचीच, म्हणून तिच्याकडे माझं कधी लक्ष गेलं नाही. लक्ष जायचं ते ती थांबल्यावर. धुनकी थांबली म्हणजे दारात कुणी तरी आलंय, आणि मग अम्मी मागून विचारायची, "कोन हाय गं?" कापसाचे तंतू सगळीकडे असायचे. पाण्याच्या हंड्यावर, अब्बांच्या भुवयांवर, माझ्या पुस्तकांच्या पानांत. भाकरीवर एखादा चिकटलेला दिसला तर आम्ही तो चिमटीने काढायचो आणि जेवत राहायचो. घरातलं बोलणं अर्धं दखनीत, अर्धं गावच्या मराठीत चालायचं. इथे मी सगळं मराठीत लिहिते आहे, कारण इतक्या वर्षांनी मला ते मराठीतच ऐकू येतं.

रजियाखाला ही अम्मीची धाकटी बहीण, ती अम्मीला आपा म्हणायची. तिचं लग्न दौंडला झालं होतं. तिचे यजमान हुसेनखालू रेल्वेच्या यार्डात डबे जोडण्या-सोडण्याच्या कामावर होते, आणि दोघं कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहायची. मूल नव्हतं, सासरचं जवळचं कुणी उरलेलं नव्हतं. खालू वर्षातून दोनदा आमच्याकडे यायचे, दारातून वाकून आत यायचे, अब्बांच्या गादीवर बसायचे आणि फारसं न बोलता दुकानातला कापूस बोटांनी कुस्करत राहायचे. त्या वर्षी खालाला कावीळ झाली आणि खालूंनीच तिला आणून आमच्याकडे सोडलं. "आपाजवळ पडून ऱ्हा महिनाभर. माझं जेवन मी बघतो," असं म्हणून ते संध्याकाळच्या एसटीने परत गेले. खालाला तेलकट बंद होतं. अम्मी तिला उसाचा रस द्यायची, भात आणि ताक द्यायची, आणि थोडी भूक लागल्यावर हुलग्याचं पातळ माडगं. चुलीवर माडगं शिजू लागलं की घरभर जो वास सुटायचा, तो मला अजूनही आजारपणाचा वास वाटतो, आणि तरीही आवडतो.

खाटेवर पडून पडून खालाला कंटाळा यायचा. मी शाळेतून आले की ती मला जवळ बसवायची आणि म्हणायची, "सांग, भाईर काय चाललंय." मी तेव्हा नववीत होते आणि निबंधात पहिली यायचे. माझ्या निबंधात सूर्य रोज सोन्याचा गोळा होऊन उगवायचा आणि शेतं हिरवा शालू नेसून बसायची. आमच्या घोडनदीला उन्हाळ्यात गुडघाभर पाणी नसायचं, पण माझ्या वहीत ती बारा महिने खळाळत वाहायची. मी खालालाही तसंच सांगायला लागले.

"आज बाजार रंगीबेरंगी भाज्यांनी नुसता फुलला होता, खाला."

"कोनच्या भाज्या?"

मला आठवेना. "सगळ्याच," मी म्हटलं.

"तुला बाजारातनं पाठवलं का बागंतनं?" ती म्हणाली आणि कुशीवर वळली. अम्मी पाटावर बसून लसूण सोलत होती, ती हसली. मला राग आला. आमचे मराठीचे सर माझी वाक्यं वर्गात वाचून दाखवायचे, आणि ही चौथी शिकलेली बाई मला भाज्यांची नावं विचारत होती. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सगळी नावं पाठ करून गेले आणि एका दमात म्हणून दाखवली. त्यावरही ती खूश झाली नाही. "हे तर मला इथं पडूनबी ठावं हाय," म्हणाली.

एका सकाळी धुनकी थांबली आणि परत सुरूच झाली नाही. मामू, म्हणजे अम्मीचे थोरले भाऊ, दुकानात उभे होते. ते आणि अब्बा हलक्या आवाजात बोलत होते. थोड्या वेळाने अब्बांनी अम्मीला पुढे बोलावलं, आणि अम्मीने पदर तोंडात कोंबला. हुसेनखालू रात्रपाळी करून आले होते, छातीत कळ आली आणि शेजारी गोळा होईपर्यंत गेले होते. खाला मागच्या खोलीत झोपली होती. तिचे डोळे अजून पिवळे होते, दोन पावलं चालली तरी तिला घेरी यायची. पुरुषांनी तिथल्या तिथे ठरवलं की आत्ता सांगायचं नाही, एवढा प्रवास आणि एवढा धक्का तिला सोसायचा नाही. मामू आणि अब्बा तसेच दौंडला गेले आणि दुपारच्या नमाजनंतर माती देऊन संध्याकाळी परत आले. अम्मीने त्या दिवशी खालाला नेहमीसारखा रस दिला, तिची वेणी घातली आणि मध्येच उठून परसात जाऊन उभी राहिली. तिसऱ्या दिवशी फातिहाची, म्हणजे गेलेल्यासाठीच्या प्रार्थनेची, वेळ आली तेव्हा सांगावंच लागलं.

त्यांनी ते मायेपोटी केलं होतं. आज मी त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या तेव्हाच्या वयाहून मोठी आहे आणि मला त्यांचा राग येत नाही. पण त्या मायेने खालाचं जे नुकसान केलं ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. खालाने खालूंचं तोंड शेवटचं पाहिलं नव्हतं.

ती रडली नाही. पांढरी साडी नेसली, हातातल्या बांगड्या काढून अम्मीकडे दिल्या आणि मागच्या खोलीत इद्दतला बसली. नवरा गेलेल्या बाईने चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नाही, परक्या पुरुषाच्या समोर यायचं नाही, असा आमच्यात रिवाज आहे. दुकान आणि मागची खोली यांच्यामध्ये अम्मीने एक जुनी चादर लावली. मामू तेवढे भाऊ म्हणून आत येऊन बसू शकत होते. अब्बा चादरीच्या पलीकडून बोलायचे.

खाला मामूंना म्हणाली, "सांग, कसे दिसत व्हते."

"चेहऱ्यावर नूर व्हता, रजिया. झोपल्यावानी."

"नूर सगळ्यांच्याच चेहऱ्यावर असतो. दाढी केलेली व्हती का वाढलेली?"

मामू म्हणाले, "आता ते कुठं ध्यानात ऱ्हातंय?"

"भाईजान, तुमच्या ध्यानात हाय?" तिने चादरीकडे तोंड करून विचारलं.

पलीकडून अब्बा खाकरले. "जागा चांगली मिळाली बघ. सावलीची."

"कशाची सावली?"

"झाडाची."

"कोनच्या?"

माझे अब्बा सचोटीचे, कष्टाळू गृहस्थ होते, पण पाहिलेलं सांगणं त्यांना कधी जमलं नाही. लग्नाहून आले तरी "चांगलं झालं" एवढंच, आणि मयतीहून आले तरी तेवढंच. शिवाय त्या दिवशी दोघांनीही नजर खाली घालून सगळं उरकलं असणार. आपल्या माणसाच्या मयताकडे निरखून कोण बघतं? पण खालाने त्यातून वेगळाच अर्थ काढला. ती अगदी शांतपणे म्हणाली, "ज्यानं बघितलं त्याला सांगता येतं. तुमच्यातल्या कुनालाच सांगता येत न्हाई. म्हंजी तुम्ही बघितलंच न्हाई." आणि तिने उशाशी ठेवलेलं विणकाम हातात घेतलं. खालूंसाठी ती राखाडी लोकरीचा स्वेटर विणत होती. पाठ झाली होती, एक बाही व्हायची होती. अम्मी तिच्या सुयांकडे नुसती बघत राहिली. (तो स्वेटर पुढे मी कॉलेजात असताना बाह्या दुमडून घातला. खालाने तो पुरा केला होता.)

पुढचे दिवस असेच गेले. ती पाचही नमाज पढायची, बायका भेटायला आल्या की त्यांचं ऐकून घ्यायची, आणि त्या गेल्यावर अम्मीला म्हणायची, "थंडीच्या आत बाही झाली पायजे. यार्डात वारं लई असतं." अम्मी रात्री अब्बांना म्हणाली, "पोरगी हातची जाईल. इद्दत सुटली की ही दौंडला जाऊन दार उघडून त्यांची वाट बघत बसंल." खालाचं खाणंही पक्ष्यासारखं झालं होतं. कावीळ उतरली होती, पण ती भरून येत नव्हती.

मग क्वार्टर रिकामं करायची वेळ आली. अब्बा सामान आणायला जाणार होते, पण खाला म्हणाली की तिच्या पेटीला पुरुषाने हात लावायचा नाही. अम्मी तिला सोडून जाऊ शकत नव्हती. म्हणून माझं जायचं ठरलं. निघताना खालाने माझी ओढणी नीट केली आणि म्हणाली, "पेटी भरून झाली की अब्बांना म्हनाव मला कबरस्तानात न्या. बघून ये. आन् मला ये सांगायला." जरा थांबून म्हणाली, "बागंत जाऊ नगंस."

एसटी न्हावऱ्यावरून उसाच्या रानांतून गेली आणि भीमेचा पूल ओलांडून दौंडला पोचली. क्वार्टरमधल्या खिडकीच्या कठड्यावर कोळशाची काळी पूड बसली होती. मी पेटी भरली. अब्बांनी भांडी पोत्यात घातली आणि खालूंचे बूट वर्तमानपत्रात गुंडाळताना ते बराच वेळ खाली बसून राहिले. बाहेर इंजिन मागेपुढे होत होतं, आणि डब्याला डबा लागला की तो धडाका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जायचा. कबरस्तानाच्या फाटकाशी एक म्हातारे राखणदार होते. आमच्यात बायका सहसा कबरस्तानात जात नाहीत, म्हणून अब्बा माझ्याकडे बघून अडखळले, तेव्हा राखणदार म्हणाले, "लेकरू हाय. येऊ द्या, डोकं झाकून घे म्हनाव." आम्ही आत गेलो. अब्बांनी हात वर करून फातिहा पढली. मीही हात वर केले, पण माझे डोळे उघडे होते. मी बघत होते. दुःखापेक्षा मला धास्ती जास्त होती. ही बाई आता प्रश्न विचारणार आणि मला उत्तर देता आलं नाही तर माझंही नाव त्या न बघणाऱ्यांच्या यादीत जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

निघताना राखणदार अब्बांना म्हणाले, "जुम्म्याच्या आधी ह्याचं पायाकडचं जरा सपाट करून घेतो. लोकांना अडचन होती."

"करा की," अब्बा म्हणाले.

परतीच्या एसटीत मी मनातल्या मनात वाक्यं जुळवली. चांगली वाक्यं होती. घरी पोचलो तेव्हा ऊन कलतं होतं. अम्मी भाकरी थापत होती. अब्बा चादरीच्या पलीकडे पोतं उतरवत होते. खालाने मला समोर बसवलं. सुया बाजूला ठेवल्या नाहीत, पण हात थांबले होते.

"खाला, त्या शांत, निवांत जागी जणू काळच थांबला होता..."

"हे शाळंत सांग," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "फाटकापासनं सांग."

फाटकापासून सांगू लागले. फाटकाला एकच दार आहे, दुसरं भिंतीला टेकवून ठेवलंय. आत गेल्यावर डाव्या हाताला नळ आहे, तो गळतो, त्याखाली कुणी तरी फुटका माठ ठेवलाय. पलीकडे रेल्वेची भिंत. तिच्यावरून सिग्नलचं डोकं दिसतं. सावली आहे ती लिंबाची आहे, पण खालूंच्या कबरीवर नाही, शेजारच्या दोन कबरींवर. खालूंच्या कबरीवर ऊन होतं.

चादरीपलीकडे पोत्याचा आवाज थांबला.

"मातीचा रंग?" खाला म्हणाली.

"वर काळी, आन् कडेनं मुरमाची पिवळी. मधी थोडी खचलीय. कुनी तरी सब्जा लावलाय डोक्याकडं, तो वाळलाय. पन एक फांदी हिरवी हाय. डबे आपटले की मातीतले बारके खडे घरंगळतात. मी बघितलं. तीनचार खडे खाली आले."

"एवढं ऐकू येतं तिथं?"

"लई. बोलताबी येत न्हाई, तेवढा वेळ थांबावं लागतं."

"मग ठीक हाय," खाला म्हणाली. कशाबद्दल ते मला कळलं नाही. "आनि?"

माझ्याकडे आता एकच गोष्ट उरली होती, आणि ती मी सांगणार नव्हते, कारण ती मला जरा विचित्र वाटली होती. "डोक्याकडचे दगड सगळे एका ओळीत हायेत," मी म्हटलं. "पायाकडनं लोकांची वाट हाय. सरळ वाट. पन खालूंची कबर तिच्यात गेलीय. बाकीच्यांच्या एवढ्यावर संपतात, आन् ह्यांची पुढं आलीय. म्हनून लोक तिथं वळून जातात. गवत मोडून तिथं नवी वाट पडलीय, वाकडी."

"किती पुढं?"

मी दोन्ही हात समोर धरून दाखवलं. हाताएवढं.

खाला माझ्या दोन तळव्यांच्या मधल्या जागेकडे बघत राहिली. भाकरीची थापथाप थांबली. मग तिच्या तोंडून एक आवाज निघाला, आणि मला वाटलं रडली, पण ती हसत होती. "आपा, ऐकलंस का," ती अम्मीला म्हणाली. "क्वार्टरच्या ओट्यावर निजायचे तवा बी पाय भाईर. शेजारची दूधवाली रोज सकाळी अडखळायची आन् मला शिव्या घालायची. तुझ्या मानसाचे पाय आवर म्हनायची. मी म्हनायची, खाट पुरत न्हाई, मी काय कापू का?" ती हसतच होती, आणि हसता हसता पुढे वाकली आणि माझ्या मांडीवर तिचं डोकं आलं. मग ते हसणं बदललं. अम्मी पिठाच्या हातांनीच धावत आली आणि दोघींनी एकमेकींना धरलं. मी मधे अडकले होते. मला हलता येत नव्हतं, आणि हलावंसंही वाटत नव्हतं.

आता कधी कधी मला नव्याने लिहिणाऱ्या मुलांसमोर बोलायला बोलावतात. माझ्या चार कथा कुठेकुठे छापून आल्या आहेत, त्या जोरावर. मुलं विचारतात की वर्णन जिवंत कसं करायचं, वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर चित्र कसं उभं करायचं. मी त्यांना पंचेंद्रियांबद्दल सांगते, विशेषणं कमी करा म्हणते, एखादा नेमका तपशील शोधा म्हणते. हे सगळं खरंच आहे. पण नेमका तपशील शोधता येतो असं मला मनातून वाटत नाही. ती वाकडी वाट मी शोधली नव्हती. तिचा अर्थ मला लागला नव्हता, सांगताना मी ती जवळजवळ गाळणार होते. मी फक्त पाहिली होती, कारण घरी कुणी तरी वाट बघत होतं, आणि तिला माझी वाक्यं नको होती, ती जागा हवी होती. मुलांना हे सांगायला गेले तर ते वहीत उतरवण्यासारखं काही नसतं. मग मी पंचेंद्रियांवर परत येते. या थंडीत रजियाखाला गेली. तेव्हापासून मी हे रोज थोडं थोडं लिहिते आहे, आणि तिच्यासाठी लिहिताना अजूनही पहिलं वाक्य खोडते.

त्या संध्याकाळी रडून झाल्यावर खालाने तोंड धुतलं. अम्मीने तिच्यापुढे भाकरी आणि माडगं ठेवलं. तिने पहिला घास मोडला आणि तसाच हातात धरून चादरीकडे वळली.

"भाईजान."

"हां, बोल."

"कबरंचं काय बोलनं झालं तिथं?"

अब्बा म्हणाले, "राखणदार म्हनत व्हता, पायाकडचं सपाट करतो. वाटंत येतंय म्हनून. मी व्हय म्हनालो."

"नगं," खाला म्हणाली. "त्यांना सांगा, मानूस लांब व्हता. झोपू द्या नीट. लोकांना म्हनाव, वळून जा."

जुम्मा, म्हणजे शुक्रवार, परवावर आला होता. दुसऱ्या दिवशी अब्बांनी दुकान उघडलं नाही. लग्नाच्या गाद्यांचं काम अंगावर होतं, तरी सकाळच्या एसटीने ते दौंडला गेले. त्या दिवशी धुनकीचा आवाज नसलेल्या घरात मी आणि अम्मी गोधडीला टाके घालत बसलो, आणि खाला चादरीच्या अलीकडे बसून दर एसटीच्या वेळेला कान देत होती. दुपार उलटल्यावर अब्बा आले. अम्मीने त्यांना पाणी दिलं.

"ऐकलं का त्यांनी?" खालाने विचारलं.

नेहमीचे अब्बा असते तर "व्हय, ऐकलं" म्हणून धुनकीच्या मुठीला हात घातला असता. ते बोलायला लागले आणि थांबले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग चादरीच्या अगदी जवळ जमिनीवरच मांडी घालून बसले आणि घसा साफ केला.

"एसटीतनं उतरलो तवा ऊन चढलं व्हतं," ते म्हणाले. "फाटकापाशी राखणदार मुळे धूत बसला व्हता. चार मुळे. एकाचा पाला त्यानं शेळीला टाकला. शेळी पांढरी, आन् एक कान काळा..."

चादरीच्या अलीकडे खालाने पाट ओढून घेतला आणि नीट बसली.